नायलॉन म्हंजे नायलॉन

अकराला मत्स्य खात्याच्या कचेरीत सुनावणी, आणि साडेआठला शिवानीला कळलं की बापाला बुडवणारा अहवाल तिनेच लिहिलाय.

वर्तकनगरच्या प्रयोगशाळेत नमुन्यावर नाव कुठे असतं? नुसता नंबर. टाकून दिलेल्या जाळ्याचा तुकडा, नंबर एकशे बारा. तिने तपासला, 'नायलॉन' लिहिलं, सही ठोकली. आणि आज बापाच्या, उत्तमच्या, नोटिशीवर तोच नंबर! आता बोला.

त्या जाळ्यात होडीचा पंखा अडकलेला. सोडवताना सुदेशची दोन बोटं गेली. त्याच्या बापाने, शेजारच्या रतनने, तक्रार ठोकली की खाडीत जाळी फेकतो तो उत्तमच. सिद्ध झालं की परवाना कायमचा रद्द.

"बाबा, जबाबात काय लिहिलंस?"

"खरं तेच. माझी जाळी नायलॉनची."

"नक्की?"

"अगो, तीस वर्षं विणतोय! नायलॉन म्हंजे नायलॉन!"

शिवानीने कपाळावर हात मारला. अख्ख्या कोपरीच्या कोळ्यांत प्लॅस्टिकचा कुठलाही धागा नायलॉनच! तिने काचेचा ग्लास भरला, बापाच्या जाळ्याचा तुकडा कापला, चोळून चोळून त्यातली हवा काढली आणि पाण्यात सोडला. खरं नायलॉन तळाला जातं. तुकडा वर आला. दाबला, परत वर.

"हे नायलॉन नाहीच, बाबा! पॉलिथिलीन आहे, बादल्या करतात ना, त्यातलं. ते जाळं तुझं नाही!"

"मंग मी लिवून दिलं ते?"

"चुकीचं लिहिलंस. चल, आधी ते जाळं नीट बघू."

खाडीच्या धक्क्यावर ते ताडपत्रीखाली पडलेलं. घाण वास येत होता. उत्तम उकिडवा बसून एकेक पदर उलटत गेला आणि एका ठिगळापाशी थबकला.

"ही गाठ माझी हाय."

"काय?" शिवानी त्याच्या शेजारी वाकली.

"डाव्या हाताची गाठ. दुसरा कोण मारतो अशी?"

तिने ठिगळाचा धागा कापून पाण्याच्या बाटलीत टाकला. तरंगला मेला! बाकीचं जाळं बुडणारं, ठिगळ तरंगणारं.

"बाबा, खरं सांग. तुझं आहे?"

"निस्ता धागा माझा. जाळं रतनचं. फाटलेलं, मीच सांधून दिलेलं."

"मग सांग ना सुनावणीत! सुटलास तू!"

आठवडाभर शिव्या घातलेल्या उत्तमने रतनला, पण आता त्याचा चेहरा पडला होता.

तेवढ्यात रतनच आला, मागे हाताला पट्टी बांधलेला सुदेश. "पुरावा बघतोस? बघ, बघ! आज परवाना जातो तुझा!"

शिवानी उसळली. उत्तमने तिचं मनगट घट्ट धरलं. "नको गो बाय. पोरासमोर नको."

पण सुदेश आधीच खाली बसला होता. त्याने पट्टीच्या हाताने ठिगळ चाचपलं.

"बाबा, हे आपलं ना? उत्तमकाकांनी सांधलेलं? परत फाटलं म्हणून तूच फेकलेलं."

रतनने जाळ्याकडे पाहिलं, मग पोराच्या हाताकडे. तो तिथेच ओल्या पायरीवर बसला. उत्तम उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.

अकराला पाच मिनिटं होती, पण कुणी हलेना.