खटक्याचा चाकू

"या, या, समदे या! कॉलेजची बाई पेन्सिल तासायच्या चाकूनं केळीचं पान कापणार अहे!"

रघुनाथ बांधावरनं ओरडला. ऐकायला होतं कोण? पानं रचणारी राजम, बांधावर पाय पसरून बसलेली वेंकूबाई आणि वासुकीच्या कडेवरची दोन वर्षांची वर्षा. पण त्याचा आवाज असा, की ओरत्तनाडूच्या बाजारातल्या माणसानंही मान वळवावी.

वासुकीनं कमरेचा चाकू काढला. तिनं अंगठ्यानं पातं उघडलं. टक्. खटका बसला.

कालव्याकडच्या केळी तिच्या नवऱ्याच्या वाटणीच्या. प्रद्युम्न होसूरला कारखान्यात, महिन्यातून दोनदा यायचा. त्याच्या माघारी पानं वासुकी कापायची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकून आलेली. हे थोरल्या दिराला, रघुनाथला, पहिल्या दिवसापासून खुपत होतं. केळी आपल्या हाती याव्यात म्हणून तो टपूनच बसलेला, आणि तो टपलाय हे वासुकीला ठाऊक. दोघांचं विळ्याभोपळ्याइतकं सख्य.

त्यात दहा दिवसांमागं वर्षानं कडेवरनं हात घातला आणि आईच्या कमरेचा अरिवाळ ओढला. पानं कापायचा तो वाकडा विळा पोरीच्या कानाला चाटून गेला. रक्त आलं ते थेंबभर, पण वासुकीची झोप त्या दिवसापासून उडाली. डोळा लागला की तिला विळ्याचं टोक दिसायचं.

"सकाळच्या वेळी पोरीला घेऊन बसाल कां, आई?" तिनं सासूला विचारलं होतं.

"माझीं दोन्ही पोरं माझ्याच कडेवर वाढलीं," वेंकूबाई म्हणाली. "माझ्यापासून कोण धरून नेलं होतं त्यांस? माझे गुडघे दुखतात. तुज झेपत नाहीं तर अरिवाळ खाली ठेव. केळी रघुनाथ बघील."

मग वासुकी बसनं तंजावुरास गेली आणि कमरेला असताना तोंड मिटून राहील असा हा चाकू घेऊन आली. सासूनं तो उलटापालटा करून पाहिला, अरिवाळ आपल्याकडं ठेवून घेतला आणि अट घातली. उद्या अनिरुद्धरावांच्या घरी लग्न, पाचशे पानं जायचीत. त्यातली पहिली शंभर या चाकूनं, पोर कडेवर ठेवून कापायची. एक पान फाटलं, एक भुईला लागलं, तर केळी रघुनाथच्या.

रात्री पाऊस पडून गेलेला. चिकणमाती पाऊल धरून ठेवायची, सोडताना पचकन आवाज करायची. वासुकीनं डाव्या हातानं देठ धरला, खालनं पातं ओढलं. पान खांद्यावर आलं, तिथनं राजमच्या हातात. एक. दोन. भुईला लागलेलं पान पंगतीला चालत नाही. ते गाईपुढं टाकायचं.

"लॅटिनांत केळीस काय म्हणतात तें म्हण की!" रघुनाथ म्हणाला. "पान आपणच तुटून खालीं येईल!"

"तुम्ही तमिळांत हाक मारून बघा, भावजी," वासुकी वर बघतच म्हणाली. "इतकीं वर्षं तेंच करालाहां, एक तरी आलं कां?"

राजम तोंडाला पदर लावून हसली. रघुनाथचं तोंड आंबलेल्या ताकासारखं झालं.

"बोल, बोल. शंभर होऊं दे, मग बघतो."

साठ झाली, सत्तर झाली. वर्षा केस ओढत होती, खाली उतरायला रडत होती. घाम डोळ्यांत, पोर कडेला, पाय चिखलात, आणि मागं एक माणूस नुसता पान पडायची वाट बघणारा. देठांचा चीक पात्यावरनं ओघळून सांध्यात उतरत होता, काळा पडत होता. ऐंशी झाल्यावर पोर दुसऱ्या कडेवर घ्यायला तिनं चाकू मिटला आणि पुन्हा उघडला. टक् वाजलं नाही, पातं ढिलंच राहिलं. तिनं नखानं चीक खरवडला, पातं तीनदा उघडमीट केलं, तेव्हा कुठं खटका बसला. तोही मिळमिळीत.

ती कुणाला काही बोलली नाही. पण पुढची वीस पानं कापताना अर्धं लक्ष देठावर होतं, अर्धं त्या खटक्यावर.

"नूऱ!" राजमनं शंभरावं पान रचून सांगितलं. एकही फाटलं नव्हतं.

वेंकूबाई हूं म्हणाली. रघुनाथ बांधावरनं उतरला.

"पान काय, दातानंही कापतां येतं. रोजचं हत्यार म्हणजे त्यानं कोंब तोडले पाहिजेत. आण इकडं."

चाकू हातोहात दिला तर भांडण लागतं म्हणतात. या दोघांत आणखी लागायला जागा नव्हती, तरी वासुकीनं तो मिटून बांधावर ठेवला. रघुनाथनं उचलला, झटक्यात उघडला. ती कान देऊन होती. आवाज आला नाही.

"भावजी, खटका बसला नाहीं. परत मिटून उघडा."

"तूं मज हत्यार शिकवित्येस? तूं पाळण्यांत होतीस तेव्हांपासून मी ही बाग तोडत होतो!"

तो केळीच्या बुडातल्या एका कोंबापुढं बसला. इकडची रीत अशी, की आधी अरिवाळाच्या पाठीनं ठोकून कोंबाची वाळली सोपटं झाडायची, मग धारेनं हाणायचं. वीस वर्षं त्याचा हात तेच करत आलेला. त्यानं चाकू पालथा धरून उगारला. वासुकीनं पुन्हा सांगायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

पाठीचा घाव बसला तसं पातं मिटलं. त्याच्या दोन बोटांवर.

मग एकच कालवा. राजमनं पदर फाडून बोटं आवळली, शेजारच्या शेतातला सेतुमाधव मोटारसायकल घेऊन धावला. जाता जाता रघुनाथ शिव्या देत होता, त्या चाकूला की भावजयीला, ते कळत नव्हतं. तासाभरानं फोन आला: सात टाके, तीन आठवडे हाताला काम नाही.

"खाल्लास माझ्या पोराचा हात!" वेंकूबाई वासुकीवर कडाडली.

"एकदा सांगिटलं होतं मी."

"एकदा! एकदा सांगून कोण ऐकतं ह्या घरांत?" म्हातारीनं नाक शिंकरलं, पानांच्या ढिगाकडं पाहिलं. "चारशे राहिलींत. लग्नसराई अहे, तोडायला माणूस मिळायचा नाहीं. तूंच काप. शंभर कापलींस की ह्याच चाकूनं."

केळी राहिल्या होत्या. वासुकीनं गप्प बसायचं, एवढंच होतं. तिनं चाकूवरचं रक्त चिखलात पुसलं, पातं सासूच्या डोळ्यांपुढं उघडलं आणि पाठीवर बोट ठेवलं. पातं मुकाट मिटलं.

"चीक शिरला की हा धरत नाहीं. माझ्या पोरीजवळ हा मी ठेवायची नाहीं. अरिवाळ द्या."

"नि पोर?"

वासुकीनं वर्षाला कडेवरनं उतरवलं आणि वेंकूबाईच्या मांडीवर बसवलं.

"अय्यो, माझे गुडघे!"

"मग अनिरुद्धरावांस फोन करा. पानं नाहींत, पंगत मांडूं नका म्हणून सांगा."

म्हातारीनं तिच्याकडं असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर पोर उचलून घेतली असती. वासुकी हात पुढं करून उभी राहिली. शेवटी वेंकूबाईनं मागं चाचपून अरिवाळ काढला, भुईवर आपटला आणि रडणाऱ्या नातीवर खेकसली, "गप ग, मुई! आई मेली नाहीं तुझी!"

वासुकीनं अरिवाळ उचलला आणि केळींत शिरली. दोन्ही हात मोकळे. असं कधी झालं होतं ते तिला आठवेना.

"आजच्यापुरतंच की नाहीं ग?" मागनं हाक आली.

वासुकीनं देठ धरला, पान तोडलं, राजमच्या खांद्यावर दिलं.

"रोज," ती म्हणाली.