समुद्राकडच्या खोलीतली गादी

मी एक गादी आहे, पांढऱ्या सावरीच्या कापसाची. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पाती गावाच्या बाजूला सावरीची झाडं पुष्कळ आहेत. तिथल्या एका बाईने बोंडं फोडली, सरकी झटकली, काठीने कापूस मोकळा केला आणि निळ्या पट्ट्यांच्या खोळीत भरून माझं तोंड शिवलं. रुमिनीचं लग्न ठरलं होतं, म्हणून मी जन्मले. तिच्या आईने मला दाबून बघितलं आणि म्हणाली, "जास्त ठासू नका हं. पोरगी करीमुनजावाला चाललीय. गादी बोटीतून न्यायचीय."

त्या बेटावर मी नवरीच्या ट्रंकेवर बसून आले. रुमिनीचा नवरा तारमुजी मासे धरायचा. तो यायचा तेव्हा त्याच्या अंगाला मिठाचा वास असायचा, आणि रुमिनी म्हणायची, "आधी अंघोळ, मग गादी." त्यांची मुलगी वेनिंग माझ्यावरच जन्मली. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'बू' आणि 'पाक' म्हणू लागली, म्हणजे आई आणि बाबा. रुमिनी मला वरचेवर अंगणात ऊन दाखवायची. वेताच्या थापीने धोपटायची, उलटीपालटी करायची. मी फुगून वर यायचे. गादीला याहून जास्त काय हवं असतं?

मग मासे कमी झाले आणि माणसं वाढली. सुट्टीला येणारी माणसं. तारमुजीने होडी विकली आणि समुद्राकडे तोंड करून एक खोली बांधली. पहिल्याच पाहुण्यांनी तक्रार केली, तिथली विकतची गादी फार टणक आहे. तारमुजीने घरातून मला उचललं.

"ती माझ्या आईने दिलेली आहे, पाक," रुमिनी म्हणाली.

"म्हणून तर. पाहुण्याला घरातलं चांगलं तेच द्यायचं ना? आपल्याला काय, चटई आहेच."

तिने माझ्यावर नवी पांढरी चादर घातली आणि चारी कोपरे दाबून दाबून आत खोचले.

त्या खोलीत मी माणसाची एक गंमत पाहिली. माणूस लांबून पैसे खर्चून समुद्र, झाडं, पाऊस बघायला येतो, आणि त्याच झाडापावसातला एक जीव खोलीत शिरला की घाबरून पलंगावर उभा राहतो. मुंग्या निघाल्या की रुमिनी पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची. झुरळ निघालं की चप्पल घेऊन तीच धावायची. पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती जमली की तो मालवून अंगणात दुसऱ्या दिव्याखाली पाण्याची परात ठेवायची, सगळी तिकडे जायची. पाल बघून एक बाई रडायला लागली, तेव्हा रुमिनी तिच्याजवळ बसली. "अहो, ती डास खाते. ती आहे म्हणून तुम्हाला झोप लागते." बाई हसली. रुमिनीला सगळ्या किड्यांशी वागता येत होतं, कारण ते सगळे तिच्याच बेटाचे होते.

ढेकूण तिथला नव्हता. तो एका तरुणाच्या पाठीवरच्या पिशवीतून आला. तरुण भला होता. सकाळी स्वतःची चादर घडी करून ठेवायचा. कितीतरी गावं फिरून आला होता आणि पिशवी माझ्यावरच ठेवायचा. पिशवीच्या शिवणीतून एक ढेकणी उतरली आणि माझ्या कोपऱ्यातल्या टाक्यांत शिरली. तिचं वजन मला कळलंसुद्धा नाही. कळलं असतं तरी मी कुणाला सांगणार होते?

काही आठवड्यांनी एका नव्या जोडप्यातल्या मुलीने सकाळी बाही वर करून दंड दाखवला. एका ओळीत लाल गांध्या. "डास असतील," तारमुजी म्हणाला. पण चादर काढताना रुमिनीला तांबडे ठिपके दिसले. तिने माझा कोपरा उचलला, शिवण नखाने उघडली, आतले ढेकूण बघितले आणि शिवण बोटांनी पुन्हा दाबून टाकली.

ती कुणाला बोलली नाही. पाहुणे नसले की मला ओढत अंगणात न्यायची, शिवणींवर उकळतं पाणी ओतायची, पलंगाच्या फटींत रॉकेल सोडायची. इतकं धोपटायची की माझी खोळ उसवायची, मग तीच शिवायला बसायची. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "काय गं, किती ती सफाई." रुमिनी हसून म्हणायची, "पाहुणे यायचेत." ढेकूण कमी व्हायचे आणि पुन्हा व्हायचे. मी ऊन प्यायचे, तेही माझ्या पोटात खोल जाऊन बसायचे.

शेवटी वेनिंगचा समुद्रापलीकडच्या जेपाऱ्याहून फोन आला. ती तिकडे शाळेत शिकवत होती. "बू, आपल्या खोलीबद्दल लोकांनी इंटरनेटवर काय लिहिलंय ते वाचलं का? घाण म्हणतायत गं."

तारमुजी बाजूलाच होता. त्याने फोन घेतला, वाचला आणि बायकोकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"दिवसभर करतेस तरी काय मग? एक खोली झाडायची असते."

ते ऐकून रुमिनी उठली आणि खोली झाडायला लागली. सकाळी झाडलेली खोली तिने पुन्हा झाडली. पंचवीस वर्षांच्या संसारात तो असं कधी बोलला नव्हता, आणि बोलून झाल्यावर ते परत कसं घ्यायचं हे त्याला माहीत नव्हतं.

वर्षअखेरच्या सुट्टीसाठी एका कुटुंबाने खोली धरली. त्याआधी तारमुजीचा धाकटा भाऊ पार्लान आला, मिरचीच्या वाफ्यावर मारायचं औषध आणि पाठीवरचा पंप घेऊन.

"हे मारलं की ढेकणाचा बापसुद्धा राहत नाही, दादा."

"माणसाला चालतं?"

"वाळलं की चालतं. मिरची नाही का खात आपण?"

त्यांनी मी भिजेपर्यंत औषध मारलं. वरून, खालून, शिवणींत, आणि खोली बंद करून ठेवली. सावरीचा कापूस पाणी लवकर धरत नाही म्हणतात. पण माझी खोळ उकळत्या पाण्याने विरली होती, कापसाच्या गुठळ्या झाल्या होत्या. सगळं मुरलं.

दुसऱ्या दिवशी रुमिनीने खिडक्या उघडल्या आणि डोक्यावरची ओढणी नाकाला लावून तशीच बाहेर आली. "डोळे चुरचुरतायत. आज त्या लोकांना इथे झोपवायचं नाही."

"बोट निघालीय. कुठे झोपवू त्यांना? उद्यापासून लाटा वाढून बोटींना समुद्र बंद होईल, पुन्हा कोण येणार? वास जाईल दुपारपर्यंत."

"त्यांच्याबरोबर लहान मूल आहे, पाक."

"बू, उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस."

ती म्हणाली, "बरं. मग मी झोपते आधी. मला काही झालं नाही तर त्यांनाही होणार नाही."

तारमुजी चिडून धक्क्यावर निघून गेला. ती रागाने बोलतेय असं त्याला वाटलं. रागाने नव्हतंच ते. तिने दुपारची नमाज पढली, खोलीत आली आणि माझ्यावर आडवी झाली. चादरसुद्धा घातली नव्हती. किती वर्षांनी ती माझ्यावर झोपत होती. तिने एका कुशीवर होऊन हाताने मला चाचपलं, आणि स्वतःशीच म्हणाली, "किती खराब झालीस गं."

मी काय करणार होते? गादीला माणसाला झोपवता येतं, उठवता येत नाही. तिला घाम फुटला. तोंडाला पाणी सुटलं, माझ्यावर ओघळलं. उठायला म्हणून तिने हात टेकला तर हात थडथड उडायला लागला. तिने "पाक" म्हणून हाक मारली, पण आवाज दारापर्यंतही गेला नाही.

तारमुजी पाहुण्यांना घेऊन आला. दार त्यानेच उघडलं. मग काय झालं ते मला आवाजांवरूनच कळलं. पाहुण्यांतला पुरुष म्हणाला, "खांदे धरा, मी पाय धरतो." लहान मूल रडत होतं. पार्लान मोटारसायकल आणायला धावला.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सुया देऊन तिला जगवलं. समुद्र बंद होता, पलीकडे नेता येईना. बोटी सुरू झाल्या तेव्हा वेनिंग आईला न्यायला आली. कपडे घ्यायला दोघी अंगणातून गेल्या, तेव्हा रुमिनी मुलीच्या खांद्यावर रेलून चालत होती. तिच्या हातात पेला राहत नव्हता.

तारमुजी म्हणाला, "थोडे दिवस राहा तिच्याकडे. मग मी येतो घ्यायला."

"नका येऊ, पाक."

"चुकलं माझं."

"मी तुमच्यावर रागावले नाहीये. मला त्या खोलीकडे बघवत नाही, एवढंच." मग ती म्हणाली, "ती गादी तेवढी जाळा."

तो 'हो' म्हणाला. पण मला हात लावायचं त्याच्याच्याने होईना. मी भिंतीला टेकून उभी होते, तो दारापर्यंत यायचा आणि परत फिरायचा. पुढे घर बंद करून तोही जेपाऱ्याला गेला. जाताना भावाला म्हणाला, "तेवढी गादी जाळून टाक." बायकोने त्याला घरात घेतलं की नाही, मला माहीत नाही. मला सांगणारं कुणी उरलं नाही.

पार्लान वाईट माणूस नाही. त्याने मला माडाखाली नेलं, काडेपेटी काढली, आणि मग मला दाबून बघितलं. बायकोला म्हणाला, "अगं, अस्सल सावरी आहे. हल्ली मिळते का कुठे? जाळायची कशाला? चांगलं ऊन दे, नवी खोळ घाल."

आता माझी खोळ गुलाबी आहे, वर मोठी फुलं. पार्लाननेही पाहुण्यांसाठी एक खोली काढलीय, तिच्यात मी आहे. ऊन पुष्कळ दिलं त्यांनी मला. पण विष गेलं की आहे, ते मला सांगता येत नाही. जे मुरलं ते धरून ठेवणं एवढंच मला येतं. ढेकूण मात्र आहेत. त्या औषधातूनही काही उरले. खोली रिकामी असली की ते पापुद्र्यासारखे वाळून पडून राहतात, महिनेच्या महिने, आणि माणसाची ऊब लागली की हलतात.

आज पाहुणे आलेत. आईबाप आणि एक लहान मुलगी. पार्लानची बायको त्यांना शहाळी देतेय. मुलगी आत आली, तिने चपला भिरकावल्या आणि माझ्यावर पालथी पडली. तोंड माझ्यात खुपसून म्हणतेय, "आई, किती मऊ आहे बघ."

बाई, आधी तिला उचला. मग चादर काढा, माझा कोपरा वर करा आणि ती शिवण उघडून बघा. प्रवासाने दमलाय, मला दिसतंय. पण बसू नका, बाई. बसायच्या आधी बघा.