न मागितलेला वायसर

जवळ या मित्रांनो, पण हात लावू नका. मी एक जुना स्पार्क प्लग आहे, आणि माणसाचा हात दिसला की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ही कहाणी मी तुमचं मन रमावं म्हणून सांगत नाही. दोन भावांची जन्मभर नालस्ती करीन अशी मी शपथ घेतली आहे, ती पाळतो आहे, इतकंच.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरी चिनीमाती भट्टीत भाजून माझी मान केली, पोलादाचं अंग केलं, अंगावर आटे कापले आणि पायाशी एक वाकडी पट्टी बसवली. मधल्या टोकातून त्या पट्टीवर ठिणगी टाकायची, पेट्रोलच्या वाफेचा भडका उडवायचा आणि मोटारसायकल पळवायची, हे माझं काम. पण ठिणगी म्हणजे कशी! कारखान्यात माझी परीक्षा घेतली, तेव्हा तपासणाऱ्या बाईंना माझ्या उजेडात त्यांची आदल्या वर्षी हरवलेली सुई सापडली. खोटं वाटत असेल तर त्या बाईंनाच विचारा.

तिथून मी एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या गॅरेजात आलो. त्याला दोन मुलगे, थोरला आणि धाकटा. म्हाताऱ्याने मला थोरल्याच्या मोटारसायकलीत स्वतः बसवलं. आधी बोटांनीच फिरवलं, मग पान्याने जरासंच आवळलं आणि मुलांना म्हणाला, "प्लग पाहुण्यासारखा बसवावा. आग्रह करावा, पण गळा धरू नये."

ते माझे सुखाचे दिवस. अर्ध्या किकमध्ये गाडी उठायची आणि रस्त्यावरचे लोक म्हणायचे, "काय आवाज आहे!" आवाज माझा आणि कौतुक थोरल्याचं, पण तेव्हा मी भोळा होतो. मला वाईट वाटलं नाही.

पुढे म्हाताऱ्याचे गुडघे गेले. तो खुर्चीला चिकटला आणि मुलांना मोकळं रान मिळालं. भांडण सुरू झालं ते पंख्यावरून. त्याचं तोंड कोणाकडे ठेवायचं, एवढंच. पण त्या पंख्याने असं वारं घातलं की महिन्याभरात गॅरेजच्या जमिनीवर मधोमध पिवळा पट्टा ओढला गेला आणि हत्यारांची वाटणी झाली. प्लग काढायचा एकुलता एक पाना गेला थोरल्याकडे. तांब्याच्या वायसरांची, म्हणजे प्लगखाली घालायच्या चकत्यांची, डबी गेली धाकट्याकडे. नवीन कोणी विकत आणीना, कारण आणलं तर आपलं अडलं हे दुसऱ्याला कळणार!

दोघे एकमेकांशी बोलेनात. बोलायचं ते वहिनीमार्फत. ही थोरल्याची बायको, चहा घेऊन यायची आणि अडकायची.

"वहिनी, त्यांना सांगा, त्यांच्या कानशीचा कीस माझ्या बाजूला उडतोय."

"त्याला म्हणावं, मग त्या बाजूला श्वास घेऊ नकोस."

"अहो, ते इथंच उभे आहेत, ऐकू येतं त्यांना," वहिनी कप आदळत म्हणायची. "आणि भाऊजी, तुम्हालाही तोंड आहे ना? मी काय तुमच्या दोघांमधली टेलिफोनची तार आहे?"

शेवटी म्हातारा वैतागला. म्हणाला, "दगडखाणीचा चढ आहे ना? ज्याची गाडी चालत्या इंजिनावर माथ्यावर येईल, त्याचं गॅरेज. दुसऱ्याने त्याच्या हाताखाली राबायचं."

भावाच्या हाताखाली! त्यापेक्षा दोघांनाही वनवास गोड वाटला असता. धाकट्याने कार्बोरेटरचं भोक मोठं केलं, म्हणजे इंजिनाला पेट्रोल भरपूर. थोरल्याने मोर्चा वळवला माझ्याकडे.

त्याने मला शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून धरलं आणि माझ्या पायाची पट्टी कानशीने कापली. ठिणगी पट्टीच्या आडोशाला न राहता उघड्यावर पडावी, म्हणून. दात कोरताना कोणी तुमचा दातच किसला तर कसं वाटेल? तसं मला वाटलं. पण खरं ते सांगतो, त्या दुष्टाचा हिशेब चुकला नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडी अशी सुटली की तिची सावली कोपऱ्यावर मागे राहिली आणि धापा टाकत घरी आली.

थोरल्याचं तेवढ्याने भागेना. पेट्रोलची वाफ ज्या झडपेतून आत येते, तिच्याकडे माझी उघडी बाजू वळलेली हवी, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने माझ्या मानेवर लाल रेघ ओढली. मला फिरवत आवळलं. रेघ आली, पण झडपेच्या जरा अलीकडे थांबली. आता माझ्या खालचा जाड वायसर काढून पातळ घातला असता, तर मी थोडा जास्त फिरून नेमका बसलो असतो. वायसर पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे होता. हात लांब केला असता तर पोचला असता.

"अहो, मागा की एक वायसर," वहिनी म्हणाली. "नाहीतर मी मागते."

"खबरदार! त्याचा वायसर माझ्या गाडीत? उद्या म्हणेल, माझ्या वायसरवर जिंकलास."

पलीकडून धाकटा भिंतीला उद्देशून म्हणाला, "मागितलाच तर देऊ. पण मागायला जिभेला हाड नसावं लागतं."

झालं. थोरल्याने पाना माझ्या मानगुटीला लावला, पाय भिंतीला टेकला आणि नुसत्या ताकदीने मला पाव फेरा पुढे रेटलं. रेघ नेमकी जागेवर आली. पण माझे आटे पोलादाचे आणि इंजिनाच्या डोक्यातले मऊ धातूचे. आत काहीतरी कुरकुरलं आणि सैल झालं. ते मला ऐकू आलं. थोरल्यालाही आलं, मी पैजेवर सांगतो. त्याने पाना मागच्या खिशात टाकला आणि शीळ घालायला लागला.

चढाच्या दिवशी म्हातारा टेम्पोने माथ्यावर जाऊन खुर्ची टाकून बसला. शेजारी वहिनी, हातात चहाचा थर्मास. खाली दोन गाड्या गुरगुरत उभ्या. भाऊ एकमेकांकडे असे बघत होते की मधल्या गवताने पिवळं पडावं.

निघालो. निम्म्या चढापर्यंत आम्ही पुढे होतो. थोरल्याने मूठ आणखी पिळली, आत भडका उडाला आणि मित्रांनो, मी सुटलो! टोपण उडालं, वायर तुटली आणि मी बंदुकीच्या गोळीसारखा आकाशात गेलो. वाटेत एका कावळ्याने मला वाट दिली. आणि पडलो तो थेट म्हाताऱ्याच्या कपात. चहा निवला होता, तो पुन्हा उकळला.

म्हाताऱ्याने मला बाहेर काढलं, बोटांवर फुंकर मारत न्याहाळलं. माझ्या आट्यांना इंजिनाचा मऊ धातू लोंबत होता.

"पातळ वायसर घातला नाही," तो म्हणाला.

"मागितलाच नाही, मामंजी," वहिनी म्हणाली.

खाली थोरल्याची गाडी फुसफुसून उभी राहिली होती. धाकटा हसत पुढे गेला. पण पेट्रोल पिऊन पिऊन त्याच्या प्लगवर काजळी चढली, धूर काळा झाला आणि माथा हाकेवर असताना त्याचंही इंजिन बंद पडलं. प्लग काढून पुसला असता, तर गॅरेज त्याचं होतं.

वहिनी ओरडली, "भाऊजी, पाना त्यांच्या खिशात आहे! मागा ना!"

"वहिनी, त्यांना सांगा, मला गरज नाही."

"त्याला म्हणावं, मी देणारही नव्हतो!"

धाकट्याने पक्कड लावली. माझ्या त्या जातभाईची मान मोडली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही, आणि माफ तर मुळीच केलेला नाही.

म्हाताऱ्याने कपातला चहा ओतून टाकला. "दोघांना मिळून एक गाडी वर आणता येईना. गॅरेज काय वर आणणार हे!"

त्याने गॅरेज एका गादीवाल्याला विकलं. आज दोघे भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला एका परक्याच्या गॅरेजात हाताखाली राबतात, एकाच बाकावर, आणि पंखा मालकाकडे तोंड करून असतो. चांगलं झालं. मला अजिबात वाईट वाटत नाही. वहिनीबद्दल वाटतं, थोडंसं.

मित्रांनो, यंत्रात सुधारणा करू नका असं मी म्हणत नाही. कानस चालवा, मला सोसेल. पण आटे कुरकुरले तर थांबा, जोर लावू नका. आणि अडलात तर शेजारच्याकडे मागा, मग तो सख्खा भाऊ का असेना.

गॅरेजचं सामान भंगारवाल्याने एकाच पत्र्याच्या डब्यात कोंबलं. माझ्या एका अंगाला तो पाना आहे, दुसऱ्या अंगाला ती वायसरांची डबी. काल भंगारवाल्याने डबा हलवला, डबी उघडली आणि एक पातळ वायसर घरंगळत येऊन माझ्या आट्यांवर चढला. अगदी नेमका बसला. मी त्याच्याशी अजून एक शब्दही बोललेलो नाही.