शिट्टी नसलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी आगगाडी आहे. काळं इंजिन, तीन डबे आणि गोल रूळ, एवढा माझा सगळा संसार एका खोक्यात मावतो. मला कुणी 'शोभेची वस्तू' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी धावण्यासाठी जन्मले आहे.

कारखान्यात एका बाईने माझ्या अंगावर लाल रेघ ओढली. ती शेवटी जराशी वाकडी गेली, म्हणून दुकानदाराने मला मागच्या फळीवर ढकललं. तिथून एका शिंप्याने मला आपल्या मुलीसाठी उचललं. "रेघ वाकडी आहे तर काय झालं? माझी टीपही वाकडी जाते," तो म्हणाला. साफ खोटं! त्याची टीप कधी वाकडी गेली नाही.

त्याच्या शिलाईच्या खोलीत मी चिंध्यांमधून धावायचे. मशीनच्या पायडलखाली बोगदा, कात्रीपाशी स्टेशन. मला शिट्टी नव्हती. ती शिंपी तोंडाने द्यायचा, "कूऽऽक!" शिट्टीशिवाय गाडी सोडायची नाही, हा मुलीचा कायदा. दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी तो म्हणायचा, "गाडी जाऊ द्या, मग माप घेतो."

मुलगी मोठी झाली. मीही अडखळायला लागले. मग शिंप्याने मला मशीनच्या तेलाने न्हाऊ घातलं, कापडात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. येईल त्याला सांगायचा, "जपून ठेवलीय हो!" कसलं डोंबलाचं जपणं? वीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मायेने पाजलेल्या त्या तेलाचा डिंक झाला आणि माझी दातखीळ बसली.

परवा शिंप्याच्या बायकोने माळा आवरायला काढला. हात थरथरायला लागल्यापासून शिंप्याचं मशीन झाकलेलं होतं. तोही खिडकीशी झाकून ठेवल्यासारखाच बसायचा.

"भंगारवाला चारला येतोय," ती म्हणाली. "चालली तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू."

मुलगी आता बसगाड्या दुरुस्त करते. ती बाह्या सरसावून माझ्यापुढे बसली.

"बाबा, किती हे तेल! गाडीची चंपी केली होती का?"

"गंजू नये म्हणून गं."

तिने स्पिरिटच्या बोळ्याने डिंक काढला, खोडरबराने रूळ घासले, वीज जोडली. मी नुसती गुरगुरले. तिने बटण आणखी फिरवलं, तसा जळका वास सुटला.

"बंद कर! जाळशील तिला!" शिंपी ओरडला. कित्येक महिन्यांत त्याचा एवढा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. "आण इकडे."

त्याने माझ्या चाकांवरून बोट फिरवलं. "आसाला धागा गुंडाळलाय. सुती, दुपदरी. सुई दे."

हात थरथरत होते. सुई मात्र नेमकी जागी गेली. मुलीने धागा उजेडात धरला.

"निळा! बाबा, हा माझ्या शाळेच्या फ्रॉकचा."

तेवढ्यात दारावर थाप पडली. चार वाजले होते.

"सोड लवकर!" शिंपी म्हणाला.

"आणि शिट्टी?" मुलगी अडून बसली.

शिंप्याने तोंड उघडलं तशी कवळीच सुटली. ती सावरत, घोगऱ्या आवाजात त्याने दिली एकदाची, "कूऽऽक!"

मी हलले. कण्हतकुथत पहिलं वळण घेतलं, मग दुसरं.

दारात काढून ठेवलेलं माझं खोकं भंगारवाला हलवून बघत होता. "ताई, हे तर रिकामं आहे."

"मग रिकामंच न्या, दादा," शिंप्याची बायको म्हणाली. "गाडी सुटलीय."

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं कुणी असेल तर खाली उतरवा. तेल थेंबभरच घाला, पण चालवा. आणि खिडकीशी गप्प बसलेलं एखादं माणूस घरात असेल, तर त्याला 'आराम करा' म्हणू नका. त्याला काम सांगा. माझं तर ठरलंय. त्याच्या शिट्टीशिवाय मी जागची हलणार नाही.