विशेष काही नाही

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या मंगळवारी मला आला तो माझाच राग. हा सगळ्यात वाईट, कारण भांडायला समोर कोणी नसतं.

जर्मनीतल्या आमच्या ब्राउनश्वाइग गावात 'ओकर टीव्ही' नावाचा छोटासा चॅनल आहे. जाहिरातींवर चालतो, आणि एका जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर त्याचा सगळा संसार आहे. सात वर्षांत तो तीनदा विकला गेला. आधी एका वर्तमानपत्रानं घेतला, मग हानोफरच्या एका फर्निचरवाल्याचा झाला, आणि या वसंतात डब्लिनच्या एका कंपनीनं घेतला. मालक बदलला की नवा लोगो येतो, नवे कॉफीचे मग येतात आणि गावातले दोन-चार कार्यक्रम जातात. त्यांच्या जागी कुठल्यातरी बेटावर घर शोधणारी जोडपी येतात. मला त्या जोडप्यांचा भयंकर कंटाळा आहे. त्यांना एकही घर पसंत पडत नाही.

माझा कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला लागतो. मी कॅमेरा घेऊन गावातल्या कुणाच्या तरी दाराची घंटा वाजवते आणि त्या घरच्या माणसाला जे काही येतं ते त्याच्याकडून शिकते. कुणी भिंतीवरचं घड्याळ उघडून दाखवतं, कुणी काकड्या मुरवायला शिकवतं. नाव 'बाय नाखबार्न', म्हणजे 'शेजाऱ्यांकडे'.

पद्माकरच्या नोकरीमुळे, म्हणजे गाड्यांच्या इंजिनांमुळे, आम्ही इथे आलो. पहिली नऊ वर्षं मी या गावात फक्त इंजिनिअरची बायको होते. कार्यक्रम सुरू झाला आणि बेकरीतली बाई एक दिवस म्हणाली, "मॉर्गन, फ्राऊ चारुलता!" म्हणजे 'सुप्रभात, चारुलताबाई!' सगळं नाव, एकही अक्षर न गाळता. मी पाव घ्यायचाच विसरले. तो कार्यक्रम म्हणजे माझं या गावातलं स्वतःचं असं जे काही आहे ते सगळं.

आणि तो मी माझ्याच हातानं बुडवला.

डब्लिनहून गावातल्या सगळ्या कार्यक्रमांसाठी एक फॉर्म आला होता. 'तुमच्या कार्यक्रमात विशेष काय आहे?' मी लिहिलं, 'विशेष काही नाही. साधा, घरगुती कार्यक्रम आहे. लोक सांभाळून घेतात.' 'तो बंद झाला तर प्रेक्षकांचं काय नुकसान होईल?' मी लिहिलं, 'फारसं नाही.'

आता तुम्हीच सांगा, दुसरं काय लिहिणार? साडीचं कौतुक झालं की आपण 'जुनीच आहे हो' म्हणतो. पुरणपोळी अगदी लुसलुशीत झाली तरी वाढताना 'आज जरा बिघडलीच' म्हणतो. मग समोरच्यानं 'छे, काहीतरीच काय!' म्हणायचं असतं. माझं वाक्य मी म्हटलं होतं. पुढचं हायकेचं होतं.

हायके आमची संपादक. माणूस म्हणून सोन्यासारखी, पण जर्मन. तिनं फॉर्म वाचला आणि मंगळवारी सकाळी भिंतीवर यादी लावली. 'बंद होणारे' या मथळ्याखाली पहिलंच नाव माझं. 

"हायके, हे काय?"

"मलाही वाईट वाटलं," ती म्हणाली. "पण तू स्वतःच लिहिलंयस. विशेष काही नाही, नुकसान फारसं नाही. मला वाटलं, तू दमली असशील."

"अगं, ते तसं लिहायचं असतं!"

"का?" हायकेनं अगदी मनापासून विचारलं. 

घरी तर आणखीच शोभा. पद्माकर म्हणाला, "तू आधी मला दाखवायचंस ना." हा माणूस सतरा वर्षं एका कंपनीत आहे आणि प्रमोशनच्या मुलाखतीत 'टीमनं केलं सगळं' असं सांगून रिकाम्या हातानं परत आलाय. तो मला शिकवणार! सोळा वर्षांच्या अन्वीनं फॉर्म वाचून डोक्याला हात लावला. "मामा, वारूम?" एवढंच म्हणाली. म्हणजे 'आई, का?' मायलेकी बोलतो तेव्हा मी मराठीत आणि ती जर्मनमध्ये, पण त्या दिवशी मी दोन्ही भाषांत स्वतःलाच शिव्या घातल्या.

यादीवर शेवटची सही डब्लिनच्या साहेबांची व्हायची होती. डोनल नाव त्यांचं. साठीचे, गुबगुबीत, खिशात चार पेनं. सोमवारपासून आले होते आणि गुरुवारी सकाळी परत जाणार होते. बुधवारच्या मीटिंगमध्ये मी रागानं धुमसत कोपऱ्यात बसले होते, म्हणून मला दिसलं. हायकेनं विचारलं, "चहा?" डोनल म्हणाले, "नको नको, कशाला उगाच." हायके म्हणाली, "आल्झो गुट," म्हणजे 'बरं तर', आणि थर्मास उचलून घेऊन गेली. डोनलची नजर त्या थर्मासच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

ही नजर मला ओळखीची होती. माझे सासरे दुसऱ्या लाडवाला असंच 'नको' म्हणायचे. ज्याला खरंच नको असतं तो ताटावर आडवा हात धरतो. डोनलनी कपावर हात धरला नव्हता.

मीटिंग संपल्यावर मी माझा आल्याचा चहा घेऊन त्यांना गाठलं. "घ्या."

"नको, खरंच नको."

"थोडासा."

"तुम्हाला उगाच त्रास."

मी तिसऱ्यांदा विचारलंच नाही, सरळ ओतला. त्यांनी पहिला कप उभ्या उभ्याच संपवला, दुसरा बसून घेतला, आणि तिसऱ्याला स्वतःच कप पुढे केला.

"तीन दिवस," ते कपाळ पुसत म्हणाले, "तीन दिवस मी चहाशिवाय आहे! आमच्याकडे पहिल्या दोन वेळा नाहीच म्हणायचं असतं. इथे पहिल्यांदा नाही म्हटलं की किटलीच गायब!"

मी इतकी हसले की मला ठसकाच लागला. आणि मग एकदम हसू थांबलं, कारण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. या माणसाला कळेल!

"माझा फॉर्म वाचलात तुम्ही?"

त्यांनी फाइल उघडली, वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माझी सुरुवात आयर्लंडमधल्या कॉर्क गावच्या अशाच एका छोट्या चॅनलवर झाली," ते म्हणाले. "तो विकला गेला, पुन्हा विकला गेला. आता नाव तेच आहे, पण कॉर्कचं त्यात काही उरलेलं नाही. तेव्हा आम्हालाही असाच फॉर्म दिला होता. मीही असंच काहीतरी लिहिलं होतं." मग त्यांनी फाइल बाजूला ठेवली. "तर, कार्यक्रमात विशेष काही नाही?"

"छे, साधाच आहे," माझ्या तोंडून गेलंच.

"खरंच काही नाही?"

"लोक बघतात आपले प्रेमानं."

डोनल हसले. कप खाली ठेवून म्हणाले, "चारुलता, आता मी तिसऱ्यांदा विचारतोय."

माझे कान गरम झाले. चारचौघांत स्वतःची स्तुती करायची म्हणजे मला अनवाणी रस्त्यावर आल्यासारखं वाटतं. पण बेकरीतली बाई आठवली. आणि त्या मागच्या गल्लीतल्या दोघी आठवल्या. जिना कुणी झाडायचा यावरून अकरा वर्षं एकमेकींशी अबोला धरलेल्या. मी एकीकडे काकड्या शिकायला गेले, कॅमेऱ्यासमोर मुद्दाम मीठ संपवलं आणि तिला समोरच्या दारी मागायला पाठवलं. आता दोघी मिळून काकड्या घालतात, जिना मात्र अजून कुणीच झाडत नाही.

हे सगळं मी डोनलना सांगितलं. आणि शेवटी एका दमात म्हणून टाकलं, "कार्यक्रम चांगला आहे. मी तो चांगला करते. बंद केलात तर मोठी चूक कराल."

"हे लिहून द्या," ते म्हणाले. "मला नव्हे, हायकेला. ती लिहिलेलं वाचते."

मी नवा फॉर्म हायकेच्या टेबलावरच भरला. एकही शब्द मऊ केला नाही. हायकेनं शेवटपर्यंत वाचलं. "गेनाऊ! अगदी बरोबर, हेच तर मला वाटत होतं," ती म्हणाली. "मग आधी का नाही लिहिलंस?" आणि भिंतीवरच्या यादीतलं माझं नाव तिनं स्वतः खोडलं. डोनलनी खालच्या नावांवर सही केली. त्या नावांचं मला वाईट वाटलं, ते आजही वाटतं. पण स्वतःपुरती मी इतकी खूश होते की ट्राममध्ये एक स्टॉप पुढे गेले.

पुढच्या गुरुवारी भाग लागला. रविवारी सकाळी सांगलीहून माझ्या सासूबाईंचा, ऊर्मिलाबाईंचा, फोन आला. अन्वीनं त्यांना टॅबवर आमचा चॅनल लावून दिलाय. जर्मनचं एक अक्षरही कळत नाही, पण बघतात.

"कसा झाला गं कार्यक्रम?"

सवयीनं 'ठीक' ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"छान झाला, अहो आई. फार छान झाला."

 पद्माकरनं पेपरातून डोकं वर काढलं.

"असं आपल्या तोंडानं म्हणू नये गं," सासूबाई म्हणाल्या. "दृष्ट लागते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण झालाच होता हो छान. मी तीनदा बघितला."