ओळखीचा आवाज

“वैनी, तुम्ही फक्त स्लाइड बदला. तुमचा भाग मी बोलतो,” गटातला केदार म्हणाला.

पालघरच्या कॉलेजात प्रोजेक्ट सादर करायला आता त्यांच्याच गटाचा नंबर होता, आणि रूपलच्या कडेवर दीड वर्षांची हिमानी. बोईसरला तिला सांभाळणारी शेजारीण आज गावी गेलेली.

“जो बोलेल त्यालाच मार्क, असं मॅडमनी बजावलंय,” रूपल म्हणाली. लग्नापायी सुटलेलं शेवटचं वर्ष ती आता पुरं करत होती.

“पण ऑनलाइन तुम्ही कधी तोंड उघडलंत का? इथे मध्येच अडलात तर?”

खरंच होतं. संध्याकाळी गटाची मीटिंग भरायची, तेव्हा शिफ्टवरून आलेला नवरा झोपलेला असायचा आणि हिमानी पेंगुळलेली. त्या एका खोलीत रूपल कायम कुजबुजूनच बोलायची. मीटिंगला माइक बंद, मोबाइलचा आवाज बारीक. एका हाताने लेकीला थोपटत दुसऱ्या हाताने ती सगळ्यांचं बोलणं टाइप करायची. सातपाटीला बोंबील सुकवणाऱ्या बायकांना भेटायला बाकीचे गेले, तेव्हाही ती घरीच होती. त्या बायकांची रेकॉर्डिंग मात्र तिनेच ऐकून उतरवली होती.

“बोलू दे रे तिला,” सातपाटीची हेमाली केदारला म्हणाली. “तू काय बोटीचा तांडेल हायस, सगळ्यांवर हुकूम सोडायला?”

इतक्यात मॅडमनी बोलावलं. भरलेला वर्ग बघून हिमानीने भोकाड पसरलं. हेमालीने हात पुढे केले, तर ती आणखीच किंचाळली.

“आता नाय जमायचं,” हेमाली पुटपुटली.

“हिमानी, अगं ऐक तरी,” केदार म्हणाला.

हिमानी गप्प झाली. रोज झोपताना मोबाइलमधून सगळ्यात जास्त येणारा हाच तो आवाज. त्याच्या तोंडाकडे टकामका बघत तिने दोन्ही हात पसरले. परक्यांकडे कधी न जाणारी पोर त्याच्या खांद्यावर जाऊन विसावली.

केदार अवघडून उभा राहिला. मग म्हणाला, “सुरुवात तुम्ही करा वैनी. माझा भाग शेवटी घेतो.”

तो दाराबाहेर गेला. रूपल पुढे आली. पहिलं वाक्य तिने सवयीने कुजबुजूनच म्हटलं. मग रेकॉर्डिंगमधल्या सातपाटीच्या बायकांचं खणखणीत बोलणं आठवलं, आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

दाराबाहेर खांद्यावरची छोटी मान वर झाली. आपली आई एवढ्या मोठ्याने बोलते, हे हिमानीला ठाऊकच नव्हतं. अंगठा तोंडात तसाच ठेवून ती ऐकत राहिली.