खोक्याला तोंड नाही

माझी माय रेडिओशी बोलते, हे मला नंदुरबार स्टेशनाबाहेर कळलं, आणि तेही एका टांगेवाल्याकडून.

"कोरीट?" तो हसला. "तठली एक म्हतारी खोकाशी बोलस म्हने. तिना पोऱ्या विमानमा शे, तो ऐकस!"

"ती मन्ही माय शे," मी म्हणालो.

त्यानं माझ्या खाकी वर्दीकडे पाहिलं आणि कोरीट येईपर्यंत तो फक्त घोड्याशी बोलला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसऱ्या कुणाची माय असती तर मीही हसलो असतो. पण दोन वर्षं मी विमानात वायरलेस ऑपरेटर होतो. सगळ्या पलटणीत आमच्या तालुक्यातला मी एकटा, आणि माझ्याच घराची अशी टिंगल व्हावी?

माझं काम सांगतो, म्हणजे राग कळेल. मद्रासहून विमान निघायचं आणि बंगालच्या उपसागरावर सहा-सहा तास घिरट्या घालायचं. खाली आपल्या जहाजांचा तांडा, बाकी नुसतं पाणी. ना झाड, ना टेकडी. वर गेलं की आवाज पकडायला विमानाच्या पोटातून दोनशे फूट तार खाली सोडायची. तिच्या टोकाला शिशाचे मणी असतात, म्हणून ती लोंबती राहते. दर अर्ध्या तासानं तळावरचा निरोप ऐकायचा. मधल्या वेळात माझा हात आपोआप स्टेशन लावायच्या चकतीकडे जायचा. केसभर फिरवायची, खरखर ऐकायची, पुन्हा केसभर फिरवायची. त्या खरखरीतून कोलंबो निघायचं, कलकत्ता निघायचं, दिवस कलला की सिंगापूर निघायचं. हजार-दीड हजार मैलांवर कुणी बाई गात असायची आणि ती माझ्या कानात! पायलट साहेब पुढून ओरडायचे, "भिला, गाणं सोडू नकोस."

मग फेब्रुवारीत एके दिवशी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि त्या जागी नुसती खरखर लागली. पुढे रंगून गेलं. थोड्या दिवसांनी त्याच जागेवर भलत्याच भाषेत माणसं बोलू लागली. मी संतापून चकती इतकी गरागरा फिरवली की साहेबांनी मला शिवी हासडली.

एवढं सगळं ऐकायचं, पण बोलायचं नाही. निरोप पाठवायचं बटण समोरच होतं. त्याला बोट लावायला बंदी. दाबलं की शत्रूला आपला ठिकाणा कळतो. ऐका आणि गप्प बसा, याचाच मला पगार होता.

हे सगळं मी मायला पत्रात लिहायचो. गावचे मास्तर तिला चावडीत पत्र वाचून दाखवायचे. तिथंच सरकारनं लढाईच्या बातम्यांसाठी बॅटरीचा रेडिओ बसवला होता. संध्याकाळी सगळा गाव त्याच्यापुढे बसायचा.

मास्तर मला वेशीजवळच भेटले. मी टांग्यातून उतरता उतरताच त्यांना धरलं. "मास्तर, तुम्ही शिकलेले! माय खोक्याशी बोलते आणि तुम्ही बघत बसता?"

"अरे, ऐकून तर घे," मास्तर म्हणाले. "गेल्या साली नवलसिंग पाटलांनी तुमच्या शेताचा बांध नांगरला. चांगला चार हात आत आले. तुझी आई तलाठ्याकडे गेली, कचेरीत गेली. कुणी दाद दिली नाही. मग एक दिवस बातम्या संपल्या आणि ती रेडिओपुढे उभी राहिली. म्हणाली, भिला, पाटील आप्पांनी आपला बांध कोरला, तुझ्या साहेबाला सांग. लोक खूप हसले. पण तुझं पत्र सगळ्यांनी ऐकलेलं. भिला विमानातून दिल्ली-सिंगापूर ऐकतो, मग कोरीट का नाही ऐकणार? आठ दिवसांनी घोड्यावरून एक अंमलदार आला. आला होता रॉकेलची चौकशी करायला, पण पाटलांचा चेहरा उतरला. दोन दिवसांत बांध होता तिथं परत."

"आणि हे असं वर्षभर चाललंय?"

"आता गावातले लोक तुझ्या आईकडून निरोप सांगतात. पाटील जरा जपून वागतात." मास्तर खाली बघत म्हणाले. "म्हणून मी बोललो नाही."

मी हे ऐकलं. पण खरं सांगतो, ते नुसतं कानांवरून निघून गेलं. माझ्या डोक्यात फक्त तो टांगेवाला हसत होता.

संध्याकाळी चावडी भरली. बातम्या झाल्या. माय उठली, पदर खोचला आणि रेडिओपुढे जाऊन उभी राहिली. मी चार हातांवर बसलोय, तरी!

"साहेब, राम राम," ती म्हणाली. "मन्हा भिला रजावर येल शे, आते तठे तुम्हीच ऐकी ऱ्हायनात. तापीबाईले चार दिन व्हयनात, आप्पाना गडी तिले विहिरवर पाणी भरू देतस नही."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. झालं, माझा ताबा सुटला.

"माय, बस!" मी ओरडलो. "हाऊ खोका फक्त ऐकाडस. याले तोंड नही!"

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? मी रेडिओ भिंतीपासून ओढून उलटा फिरवला, मागची फळी काढली आणि गावाला शाळा शिकवायला बसलो. ही बॅटरी, हे दिवे, ही आवाज येणारी तार. बोलायचं यंत्र वेगळं असतं, ते मुंबईला असतं, खोलीएवढं असतं. इथं तुम्ही बोंब मारली तरी ती या भिंतीबाहेर जात नाही. मी इतका रंगात आलो की लोक गप्प झालेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तापीबाई घागर घेऊन आली होती, ती तशीच उठून गेली.

नवलसिंग पाटील पुढे सरकले. त्यांनी खोक्यात वाकून पाहिलं. "म्हनजे भिला, आठेथून काहीच जास नही?"

"काहीच नही, आप्पा."

"कधीच गयं नही?"

"कधीच नही."

केवढा समंजस माणूस, मला वाटलं. नीट विचारून घेतो! मायनं मात्र माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं पदर सोडला आणि घरी निघून गेली. घरी तिनं भाकरी वाढली, चटणी वाढली, आणि पाठ करून चुलीपुढे बसली. मला वाटलं, लाजली असेल. मला तिची दयाच आली, बघा.

सकाळी उजाडताच बैलांच्या घुंगरांनी मला जाग आली. मी ओट्यावर आलो. आमचं शेत तिथून दिसतं. पाटलांचं औत आमच्या बांधावर चढलेलं होतं. गडी बाजूला उभा, आणि नांगर स्वतः पाटील हाकत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. पाटलांचे बैल काही रिकामे नव्हते.

"माय!" मी ओरडलो. "दख, आप्पा काय करी ऱ्हायना!"

ती चुलीपुढे बसली होती. उठली नाही.

"माले दखानी गरज नही," ती म्हणाली. "रातलेच समजनं."

"माय, पन तो खोका..."

"माले येडी समजस का?" आता तिचा आवाज चढला. "तूच लिखं व्हतं ना चिठ्ठीमा? माय, आम्हले बटन दाबाले बंदी शे, आम्ही नुसतं ऐकतस. तुन्हासारखा शिकेल माणूस, म्होरे बटन ऱ्हाईसन बोलस नही. त्या खोकाले तर बटनबी नही!"

"मंग तू रोज का बरं बोले?" मी विचारलं.

"माले माहीत व्हतं," माय म्हणाली. "पाटीलले माहीत नव्हतं. एक वरीस मी त्याले माहीत पडू दिधं नही. तू एक सांजमा सांगी दिधं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. तिनं ती तशीच माझ्या पुढ्यात टाकली. मला स्वतःची इतकी चीड आली की वर्दीची बटणं खालीवर लागली. दिल्लीपासून सिंगापूरपर्यंत ऐकणारा मी, आणि मास्तर चार हातांवरून सांगत होते ते मला ऐकू आलं नव्हतं!

"जाय," माय म्हणाली. "खोकाले तोंड नही, हाई तू सर्वा गावले दखाडं. आते तुले शे का ते दखाड."

मी वर्दीत पळतच शेतात गेलो आणि बैलांपुढे उभा राहिलो. निम्मा बांध गेला होता. "आप्पा, औत खाल घ्या!" मी ओरडलो. "हाऊ बांध आम्हना शे. मी कलेक्टर साहेबले लिखसू, पलटणना साहेबले लिखसू!"

पाटील चिडले नाहीत. त्यांनी कासरा ओढून बैल थांबवले, विडी पेटवली, एक झुरका घेतला. मग घरचा माणूस विचारतो तसं विचारलं, "रजा कितला दिननी शे रे, भिला?"

"सहा दिन," मी म्हणालो. पुन्हा खरंच सांगितलं.